क्लासिकमधला रोग: खंजीर नंतर, एनर्जी आधी

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन खेळात रोग (लपून वार करणारा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार) घेऊन बॅटलग्राउंडवर, म्हणजे खेळाडू विरुद्ध खेळाडू लढतीच्या मैदानावर, उतरलेले नवे खेळाडू साधारण एकाच तऱ्हेने मरतात. मागून येऊन चीप शॉट (समोरच्याला काही क्षण जखडणारा, म्हणजे स्टन करणारा, पहिला वार) मारतात, मग हाताला लागेल ते बटण दाबत सुटतात. सहाव्या सेकंदाला एनर्जी (हल्ल्यांवर खर्च होणारी शक्ती) शून्य, समोरचा स्टनमधून मोकळा आणि यांच्या अंगावर नुसतं चामडं. मग तक्रार अशी की रोगमध्ये दम नाही. दम भरपूर आहे, हिशोब नाही. (रोग हे नाव मराठीत उच्चारायला जरा विचित्रच, पण समोरच्याला तुम्ही तसेच वाटायला हवे: कधी जडला ते कळू नये.)

खालचं सगळं लेव्हल ६० आणि १.१२ पॅचच्या नियमांवर चालणाऱ्या सर्व्हरसाठी आहे, आणि टॅलेंट (निवडून घ्यायची खास कौशल्यं) सटलटीचे, म्हणजे हेमरेज व प्रिपरेशनवाले, धरले आहेत. बर्निंग क्रुसेड या पुढच्या आवृत्तीचे व्हिडिओ पाहून इथे खेळायला जाऊ नका. गॅरटने गप्प करणं, क्लोक ऑफ शॅडोज, शॅडोस्टेप यातलं काहीही इथे नाही.

टिक

एनर्जी १००. ती थेंबथेंब भरत नाही, दर २ सेकंदांनी २० चा एक हप्ता येतो. या हप्त्याला टिक म्हणतात. एनर्जी १०० वर असतानाही टिकचं घड्याळ चालूच असतं, फक्त तो हप्ता वाया जातो. म्हणून टिक दाखवणारं अ‍ॅडऑन पहिल्या दिवशी टाका. एनर्जीच्या पट्टीवर सरकणारी एक बारीक रेघ, एवढंच त्याचं काम, पण रोगसाठी याहून उपयोगी अ‍ॅडऑन नाही.

ती रेघ का महत्त्वाची ते एका ओपनरवर, म्हणजे लढाई सुरू करणाऱ्या वारांच्या मालिकेवर, पाहू. चीप शॉटला मुळात ६० एनर्जी लागते, डर्टी डीड्स टॅलेंटचे दोन्ही पॉइंट घेतले की ४०. हेमरेज (साधा वार) ३५, किडनी शॉट (दुसरा स्टन) २५. चीप शॉटचा स्टन ४ सेकंदांचा. त्या ४ सेकंदांत चीप शॉट, हेमरेज, हेमरेज आणि मग किडनी एवढं बसवायचं आहे. खर्च ४० + ३५ + ३५ + २५ = १३५. जमा १०० आणि त्या वेळात येणारे दोन टिक, म्हणजे १४०. पाच शिल्लक. डर्टी डीड्स नसेल तर खर्च १५५ होतो आणि दुसरं हेमरेज बसतच नाही. हेमरेजऐवजी टॅलेंटने ४० वर आणलेला सिनिस्टर स्ट्राइक धरला तरी बेरीज १४५, पाचाने हुकते. इतक्या काठावरचं हे गणित आहे.

आता तेच सेकंदावर मांडू. रोगच्या दोन हल्ल्यांमध्ये किमान १ सेकंद जावा लागतो. समजा चीप शॉट मारला आणि लगेच टिक पडला: ६० चे ८० झाले. पहिल्या सेकंदाला हेमरेज, उरले ४५. दुसऱ्या सेकंदाला दुसरं हेमरेज, उरले १०. तेवढ्यात पुढचा टिक, ३० झाले. तिसऱ्या सेकंदापासून किडनी तयार आहे आणि ती नेमकी कधी मारायची हे तुमच्या हातात आहे. उलट, टिक पडून गेल्यावर लगेच चीप शॉट मारला तर? पहिल्या हेमरेजनंतर २५, मग टिक येऊन ४५, दुसऱ्या हेमरेजनंतर १०, आणि किडनीपुरती एनर्जी येते ती स्टन संपायला सेकंदाचा दहावा भाग उरला असताना. नेट जरा अडखळलं की समोरचा सुटला. बटणं तीच, क्रमही तोच. फरक फक्त इतका की पहिल्याने रेघ टोकाला येण्याची वाट पाहिली. शत्रू पाठमोरा उभा असेल तर ती दीड सेकंदाची वाट परवडते.

कॉम्बो पॉइंटचंही (वारांनी जमणारे आणि किडनीसारख्या वारात खर्च होणारे गुण) बघा. चीप शॉटचे २, दोन हेमरेजचे २, आणि इनिशिएटिव्ह टॅलेंटचे तिन्ही पॉइंट असतील तर ७५ टक्के वेळा चीप शॉटवर १ जास्तीचा. पाच झाले तर किडनी ६ सेकंद, चार असतील तर ५. किडनी चीप शॉटच्या स्टनवर चढवू नका, शेवटच्या पाव-अर्ध्या सेकंदात मारा. तिसऱ्या सेकंदाला घाईने मारली तर एक सेकंद तुम्हीच फुकट घालवला. आणि गिअरवर (अंगावरच्या साहित्यावर) थोडं हिट, म्हणजे वार न हुकण्याची शक्यता, असू द्या. बरोबरीच्या लेव्हलच्या खेळाडूवरही विशेष हल्ले ५ टक्के वेळा हुकतात, आणि ते नेमके दुसऱ्या हेमरेजलाच हुकतात असं वाटत राहतं.

किडनी लागली तेव्हा तुमच्याकडे ५ एनर्जी होती. ६ सेकंदांत ३ टिक, म्हणजे ६५. इथे बहुतेकांचा तोल जातो. एक हेमरेज मारा, थांबा. ३० उरतात. किकला, म्हणजे समोरच्याचा मंत्र तोडणाऱ्या लाथेला, २५ लागतात. स्टन संपल्या क्षणी कॅस्टर (मंत्र टाकणारा) काहीतरी कास्ट करणार हे ठरलेलं आहे, आणि तेव्हा हातात २५ हव्यात. ही २५ ची गंगाजळी कधीही मोडायची नाही. समोर वॉरियर असेल तर किकचं काम नाही, तेव्हा हीच गंगाजळी ४५ ची करा, गाऊजसाठी (समोरच्याला काही सेकंद निष्क्रिय करणारा वार).

थिसल टी हा रोगचाच पदार्थ: एका घोटात १०० एनर्जी, कूलडाउन (पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ) ५ मिनिटं. तो बनवायला लागणारी स्विफ्टथिसल वनस्पती गोळा करून पिशवीत नेहमी ठेवा. मात्र किडनी मारल्यावर, एनर्जी तळाला असतानाच प्या. ६० असताना प्यायलात तर ६० नाल्यात गेली.

जवळ जाणं

स्टेल्थमध्ये तुम्ही अदृश्य नसता, लपलेले असता. समोरच्याची लेव्हल आणि तो कुठे तोंड करून आहे यावर तुम्ही दिसणं ठरतं. पाठीमागून गेलात तर अगदी अंगाला टेकेपर्यंत कळत नाही, समोरून गेलात तर काही यार्डांवरच दिसता. वाट लांबली तरी वळसा घ्या. स्टेल्थच्या चौथ्या रँकला वेग ७० टक्क्यांवर येतो, कॅमफ्लाजचे पाच पॉइंट त्यात १५ टक्क्यांची भर घालतात. सरळ रेषेत जाण्याचा मोह याच मंद वेगामुळे होतो, आणि त्याच रेषेत मेज (जादूगार) आर्केन एक्स्प्लोजनचा, म्हणजे आसपास सगळ्यांना लागणाऱ्या स्फोटाचा, सगळ्यात स्वस्त रँक उडवत उभा असतो.

शत्रू चालत असेल तर त्याच्या मागे धावू नका, तो जिथे पोचणार तिथे आधी जाऊन थांबा. उभा असेल आणि तोंड तुमच्याकडे असेल तर डिस्ट्रॅक्ट (लक्ष दुसरीकडे वळवणारी युक्ती) त्याच्या पाठीमागे टाका. त्याने स्टेल्थ तुटत नाही. खेळाडू क्षणात परत वळू शकतो, पण पुष्कळदा गोंधळून वळतच नाही. डिस्ट्रॅक्टला ३० एनर्जी जाते, तेव्हा नंतर दोन टिक थांबल्याशिवाय वरचं गणित जुळणार नाही.

दोघे एकत्र असतील तर सॅप (एकाला बराच वेळ निष्क्रिय करणारा वार). लढाईत नसलेल्या मानवाकृती शत्रूवरच तो चालतो, म्हणजे अस्वल किंवा बिबट्या झालेल्या ड्रुइडवर नाही. सॅप मारला की तुम्ही उघडे पडता, इम्प्रूव्हड सॅपचे तिन्ही पॉइंट असतील तर ९० टक्के वेळा परत स्टेल्थमध्ये जाता. सॅपची किंमत ६५. लोक सॅप मारून उरलेल्या ३५ वर लगेच दुसऱ्यावर उडी घेतात आणि त्यांना चीप शॉटसुद्धा मारता येत नाही. परत १०० व्हायला ४ टिक, म्हणजे ८ सेकंद. तोवर दुसऱ्याच्या पाठीशी शांत उभे राहा.

बटणांविषयी थोडं. स्टेल्थमध्ये गेल्यावर अ‍ॅक्शन बार बदलतो, त्याचा फायदा घ्या: बाहेर जिथे हेमरेज, तिथेच आत चीप शॉट. बाहेर जिथे बॅकस्टॅब, तिथे अँबुश. जिथे गाऊज, तिथे सॅप. बोटांना निम्मीच बटणं शिकावी लागतात. आणि स्टेल्थचं बटण दुसऱ्यांदा दाबल्यावर स्टेल्थ सुटणार नाही असा मॅक्रो (एका बटणावर बसवलेली आज्ञा) करून घ्या. घाईत ते दोनदा दाबलं जातंच, व्हॅनिशनंतर (भर लढाईत गायब होऊन स्टेल्थमध्ये जाणं) तर हमखास.

स्टन, गाऊज आणि घटता परतावा

एकाच गटातलं नियंत्रण एकाच खेळाडूवर पुन्हा मारलं तर पहिल्यांदा पूर्ण, दुसऱ्यांदा निम्मं, तिसऱ्यांदा पाव, चौथ्यांदा शून्य. शेवटचा परिणाम संपल्यावर साधारण १५ सेकंदांनी पाटी कोरी होते. क्लासिकमध्ये किडनी शॉटचा गट वेगळा आहे, म्हणून चीप शॉटनंतरही ती पूर्ण बसते. चीप शॉट मात्र पॅलाडिनच्या हॅमर ऑफ जस्टिस आणि ड्रुइडच्या बॅशच्या गटात आहे. तुमच्याच पॅलाडिनने आधी हॅमर मारला असेल तर तुमचा चीप शॉट २ सेकंदांचा. बोलून घ्या. गाऊज आणि सॅप हेही मेजच्या पॉलिमॉर्फबरोबर (शत्रूची मेंढी करणारा मंत्र) एका गटात येतात.

गाऊज हा या क्लासचा सगळ्यात उपेक्षित हल्ला आहे. ४५ एनर्जी, ४ सेकंद. इम्प्रूव्हड गाऊज घेतलं तर साडेपाच. त्यात तुम्हाला दोन ते तीन टिक मिळतात, म्हणजे खर्चलेली एनर्जी जवळजवळ परत, वर एक कॉम्बो पॉइंट. त्या वेळात त्याच्या पाठीमागे जा, बॅकस्टॅब लावा, नाहीतर किडनीचा २० सेकंदांचा कूलडाउन संपू द्या. अट एकच: तो तुमच्याकडे तोंड करून असायला हवा. अंगातून आरपार धावत खेळायची सवय असेल तर गाऊज नेमक्या वेळी नकार देतं. अर्धं पाऊल मागे सरका, त्याला वळू द्या, मग मारा.

गाऊज, सॅप, ब्लाइंड (पूड फेकून समोरच्याला भरकटवणं), तिन्ही नुकसान होताच तुटतात. म्हणून शस्त्रावर डेडली पॉयझन लावून गाऊजवर विसंबणारा रोग स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारत असतो. विष थेंबथेंब चालू राहतं आणि पहिल्याच थेंबाला समोरचा जागा होतो. गॅरट आणि रप्चरच्या जखमांचंही तेच. काँबॅट टॅलेंटवाल्यांनी ब्लेड फ्लरी चालू असताना सॅप केलेल्या माणसाजवळ लढू नये, तलवार त्यालाही लागते.

विषाचं गणित सोपं आहे. डाव्या हातातल्या शस्त्रावर क्रिपलिंग पॉयझन, दुसऱ्या रँकला ते वेग ७० टक्क्यांनी कमी करतं, दर फटक्याला लागण्याची शक्यता ३० टक्के. तीन फटक्यांत एकदा तरी लागण्याची शक्यता ६६ टक्के, पाचांत ८३. म्हणून डावं शस्त्र जितकं वेगवान तितकं चांगलं, आणि उजवं सावकाश पण जड. उजव्यावर कॅस्टरांसाठी माइंड-नंबिंग (मंत्र मंदावणारं), हीलरसाठी वूंड (उपचार घटवणारं), बाकी वेळी इन्स्टंट (थेट इजा करणारं).

व्हॅनिश आणि ब्लाइंड

दोन्हींचा कूलडाउन ५ मिनिटं, इल्यूसिव्हनेसचे दोन पॉइंट घेतले तर साडेतीन. व्हॅनिशला फ्लॅश पावडर लागते आणि ब्लाइंडला ब्लाइंडिंग पावडर. बॅटलग्राउंडमध्ये शिरण्याआधी दोन्हींची वीस-वीस पुडी आहे का पाहा. ऐन वेळी पावडर नसणं ही चूक प्रत्येक रोग एकदा करतो. दुसऱ्यांदा करणाऱ्याला क्षमा नाही.

व्हॅनिश पळण्यासाठी ठेवला तर बहुधा मरणाच्या दारातच वापरला जातो, आणि तेव्हा अंगावर डॉट (थोडी थोडी इजा करत राहणारे परिणाम) असतात. एक टोला बसला की स्टेल्थ गेला. हवेतून येणारा बाणही तेच करतो. व्हॅनिशची खरी वेळ लढाईच्या मध्यावर आहे: अंगावर डॉट नाही, पायाला फ्रॉस्ट नोव्हाची बेडी आहे (व्हॅनिश ती तोडतो), आणि पहिल्या चीप शॉटचा स्टन संपून १५ सेकंदांहून जास्त झाले आहेत. मग दुसरा चीप शॉट पूर्ण ४ सेकंदांचा मिळतो. पाचव्या सेकंदालाच व्हॅनिश करून पुन्हा चीप शॉट मारणाऱ्याला निम्माच मिळतो आणि एक मोठा कूलडाउन जातो.

ब्लाइंड १० सेकंद. हेवी रूनक्लॉथ बँडेजला ८ सेकंद लागतात आणि २००० हेल्थ परत येते. म्हणजे ब्लाइंड मारला, चार पावलं मागे गेलात, बँडेज केलं, की वेळ संपत आली. तुमच्यावर डॉट नसतील आणि तुमच्या जखमाही त्याच्या अंगावर नसतील, तर पाच-सहा सेकंदांत लढाईतून बाहेर पडून परत स्टेल्थमध्येही जाता येतं. हेल्थ निम्म्याच्या वर असेल तर स्टेल्थ, खाली असेल तर बँडेज. ब्लाइंड इथे विष म्हणून मोजला जातो, तेव्हा विष उतरवणारा पॅलाडिन किंवा ड्रुइड शेजारी उभा असेल तर तो वाया जाईल हे गृहीत धरा. ड्वार्फ तर स्टोनफॉर्मने स्वतःच उतरवतो.

कोणापुढे काय

मेजवर जरा थांबू, कारण रोगची खरी परीक्षा तोच. ब्लिंक त्याला स्टनमधूनही सोडवतो, तो तोंड करून असेल त्या दिशेला २० यार्ड नेतो, आणि १५ सेकंदांनी पुन्हा तयार होतो. म्हणून ब्लिंक शिल्लक असताना किडनी मारणं म्हणजे पाच कॉम्बो पॉइंट पाण्यात. चीप शॉटवर त्याला ब्लिंक करू द्या, मग स्प्रिंटने गाठा, आणि पुढच्या १५ सेकंदांत किडनी लावा. याहून गोड वाट अशी: तो पॉलिमॉर्फ कास्ट करू लागला की किक. पॉलिमॉर्फ आणि ब्लिंक दोन्ही आर्केन. किकने ती शाळा, म्हणजे मंत्रांचा तो प्रकार, ५ सेकंद बंद होते, म्हणजे ब्लिंकही बंद. लगेच किडनी. फ्रॉस्टबोल्टला किक मारली तर नोव्हा अडकतो पण ब्लिंक मोकळा राहतो, म्हणून निवड असेल तेव्हा मेंढीची वाट पाहा.

चांगला मेज कास्ट सुरू करून सोडून देतो, तुमची किक काढून घेण्यासाठी. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेल्याशिवाय बटण दाबू नका. पॉलिमॉर्फ दीड सेकंदाचा. तिसऱ्या रँकचं माइंड-नंबिंग लागलेलं असेल तर तो २.४ सेकंदांचा होतो आणि तुम्हाला विचार करायला खरंच वेळ मिळतो.

वॉरियरविरुद्ध लोक इव्हेजन (वार चुकवण्याची शक्यता वाढवणारं) लावून खूश होतात. बॅटल स्टान्समधल्या (एका पवित्र्यातल्या) वॉरियरला तुमचा प्रत्येक डॉज (चुकवलेला वार) म्हणजे एक ओव्हरपॉवर (पलटवार), आणि तो चुकवता येत नाही. तो दुसऱ्या स्टान्समध्ये असेल तेव्हाच इव्हेजन लावा. बर्सर्कर रेज चालू असताना १० सेकंद सॅप आणि गाऊज लागत नाहीत. क्रिपलिंग लागलं की त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहा. वॉरियरशी तोंडासमोर उभं राहून फटक्याला फटका देणं हा तुमचा खेळ नव्हे.

वॉरलॉकच्या फिअरला किक मारली की शॅडो शाळा बंद, म्हणजे त्याचा बहुतेक बाजार बंद. त्याच्याजवळ फेलहंटर असेल तर तो तुम्हाला हुंगून काढतो, मागून आणि पाळीव प्राण्यापासून लांबून या. प्रीस्टची सायकिक स्क्रीम तात्काळ होते, तिला किक नाही, ती ट्रिंकेटने (असे परिणाम तोडणारी वस्तू) तोडा किंवा सोसा. पॅलाडिनने १२ सेकंदांचा बबल (अभेद्य कवच) लावला की फटके मारत बसू नका, निघून जा आणि स्टेल्थमध्ये परत या. हंटरचा मार्क अंगावर असेल तर व्हॅनिश केलात तरी तो तुम्हाला पाहतोच. मात्र ५ ते ८ यार्डांच्या पट्ट्यात त्याला बाणही मारता येत नाही आणि भालाही. समोर दुसरा रोग असेल तर जो आधी ओपन करतो तो बहुतेक जिंकतो, एवढंच.

झेंड्यापाशी

अराथी बेसिन या तळ बळकावायच्या बॅटलग्राउंडमध्ये एकटा रोग एक तळ बराच वेळ अडवून धरू शकतो, मारामारी न करता. झेंडा घ्यायला सुमारे १० सेकंद लागतात आणि कसलंही नुकसान झालं की ते तुटतं. तिघे आले तर पहिलं काम चॅटमध्ये तळाचं नाव आणि आकडा लिहिणं. मग लढाईत नसतानाच एकाला सॅप. मग जो झेंड्याला हात लावेल त्याला सातव्या-आठव्या सेकंदाला एक फटका. पहिल्याच सेकंदाला मारलात तर त्यांचा एक सेकंद गेला, आठव्याला मारलात तर आठ. जवळ जाता येत नसेल तर फेकायचं शस्त्र वापरा. मग व्हॅनिश, आणि पुन्हा तेच.

हल्ला करतानाही तोच हिशोब उलटा. एकटा रखवालदार सॅप केला की ४५ सेकंद तुमचे, झेंड्याला १० पुरतात. सॅप मध्येच तुटला तर ब्लाइंड मारा आणि झेंडा घ्या. ब्लाइंडही १० सेकंदांचाच आहे, तेव्हा मारताना झेंड्याला खेटून उभे असाल तरच जमेल. त्याला झेंड्यापर्यंत ओढून आणा, मग मारा. आणि वॉरसाँग गल्च या झेंडा पळवायच्या बॅटलग्राउंडमध्ये झेंडा पाठीवर असताना व्हॅनिश किंवा स्टेल्थ दाबलात तर झेंडा खाली पडतो. स्प्रिंट चालतो.

सरावासाठी ऑर्ग्रिमार किंवा आयर्नफोर्ज शहराच्या दाराबाहेर ड्युएल (एकास एक लढत) करणारे नेहमी सापडतात. एकाच क्लासच्या एकाच खेळाडूशी सलग दहा ड्युएल करा, पहिली पाच व्हॅनिश, ब्लाइंड आणि प्रिपरेशनशिवाय. स्क्रीन रेकॉर्ड करा आणि मरणाच्या क्षणी तीनच गोष्टी पाहा: एनर्जी किती होती, किडनीचा कूलडाउन किती उरला होता, शेवटची किक कशावर गेली. एनर्जी ६० च्या वर असताना मेलात तर तुम्ही घाबरून थांबला होतात. १० च्या खाली असताना मेलात तर ओपनरच्या दुसऱ्या हेमरेजपासून रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहा, रेघ कुठे होती ते.